मोठ्या कॅमेऱ्यासमोरचा म्हातारा

— नाही, बसा तुम्ही. तिकडे नको, त्या टेबलावर केक मांडलेत, आणि विभाग सांभाळणाऱ्या मिसेस नित्शके परत आल्या की आधी केकना धक्का लागलाय का ते बघतात आणि मग माणसांकडे. ही खुर्ची घ्या. पेंगिली ना तुम्ही? हो हो, नियम ठाऊक आहे मला — परीक्षकानं स्पर्धकाशी बोलायचं नाही, निकाल लागेपर्यंत नावसुद्धा कानावर पडता कामा नये — मीच लावून धरला होता तो नियम, जॅमवाल्या बायका परीक्षकांना घरी चहाला बोलवायला लागल्या तेव्हा. पण बाई गेल्यात पेस्टी खायला, ती मांस-बटाट्याची मोठी करंजी, त्यांना ती गरमच लागते, आणि दार मी आतून लावलंय. तेवढ्यात बोलून घेऊ. बारा नंबरचा फोटो तुमचा. तो मी बाद करणार आहे. बाद म्हणजे नुसतं बक्षीस नाही असं नव्हे — भिंतीवरून काढणार, उद्या शेतकी प्रदर्शनाची दारं उघडतील तेव्हा तिथे नुसता खिळा दिसेल. पण त्याआधी मला तुमच्या तोंडून ऐकायचंय की लबाडी काय केलीत. लबाडी आहे एवढं मला कळलंय, कुठली ते कळत नाहीये, आणि सकाळपासून त्यानं माझं डोकं फिरलंय.

लबाडी नाही? बरं. सगळेच तसं म्हणतात. जरा मागे वळून ही भिंत बघा — बघा ना, लाजता काय, तुमच्याच फोटो क्लबातली मंडळी आहेत. कपुंडा गावापासून क्लेअरपर्यंत जेवढे म्हणून मोठा लाकडी कॅमेरा खांद्यावर घेऊन हिंडतात तेवढ्या सगळ्यांनी पाठवलंय. ही तीन नंबरची पोरगी — लेन्स सताड उघडी टाकली, झालं, कला झाली! डाव्या डोळ्याच्या पापण्या मोजून घ्या, आणि कान? कान कुठाय? लोण्यासारखा वितळून गेलाय. मी विचारते, या पोरीला कान नाही का? तिच्या आईनं दोन दिलेत तिला. हा सात नंबर — फिल्मच्या काळ्या कडा आणि कोपऱ्यातल्या खाचा मुद्दाम छापल्यात, का तर लोकांना कळावं की बघा, आम्ही मोठ्या फिल्मवर काढलाय! म्हणजे जेवायला बोलवायचं आणि करपलेलं पातेलं पाहुण्यांपुढे आणून ठेवायचं, आम्ही चुलीवर केलं हो म्हणून. आणि तोंडं बघा सगळ्यांची — एक जण हसत नाही. मयताला आल्यासारखे उभे आहेत सगळे. जुन्या काळी लोक हसायचे नाहीत कारण तेवढा वेळ हसू टिकत नव्हतं, आता यांना काय धाड भरलीय? वीट आलाय मला, खरं सांगते, वीट. लोकरीच्या विभागात परीक्षक व्हायला हवं होतं मी, मेंढी तरी सोंग करत नाही.

आणि म्हातारे! म्हाताऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. एक म्हातारा गाठायचा, खिडकीशी नेऊन बसवायचा, एका बाजूनं उजेड टाकून सुरकुती न् सुरकुती कोरून काढायची, आणि खाली लिहायचं — 'काळ'. नाहीतर 'माती'. चार नंबर बघा, नऊ नंबर बघा. अहो, माणूस आहे तो, नांगरलेलं शेत आहे का? त्याला नाव असेल, त्याची दाढ दुखत असेल, त्याला लघवीला जायचं असेल. ते नाही दिसत यांना. सुरकुत्या दिसतात. किळस येते मला, शप्पथ सांगते.

तुमचा बारा नंबरही त्यातलाच म्हणून मी आधी पुढे निघाले होते. म्हातारा, खिडकी, खुर्ची — आहेच. मग थांबले. का थांबले ते नंतर सांगते. थांबले आणि भिंग काढलं. आता ऐका, हे मी स्तुती म्हणून सांगत नाहीये, परीक्षक म्हणून सांगतेय. सदरा पांढरा आहे, तरी त्याचा धागा दिसतो. स्वेटर काळाकुट्ट आहे, तरी त्यातली लोकर दिसते. इतक्या पांढऱ्यापासून इतक्या काळ्यापर्यंत एकही पायरी गाळलेली नाही. लेन्स किंचित पुढे झुकवून दोन्ही डोळे आणि मांडीवरचे हात एकाच पातळीत आणलेत — कान शाबूत आहेत, देवाची कृपा. मोठा करून छापलेला नाही, फिल्म जेवढी तेवढाच कागद. हे काम या भिंतीवर दुसऱ्या कुणालाही येत नाही. म्हणजे हात आहे तुमच्याकडे, आणि म्हणूनच जास्त संताप येतो. अडाण्यानं लबाडी केली तर मी हसून सोडून देते.

आता हा पडदा बघा. हा, खिडकीचा, उजवीकडे. त्याची कड पुसट झालीय, वाऱ्यानं हललाय तो. म्हणजे फ्लॅश नाही. घरातला उजेड, लेन्सचं तोंड इतकं बारीक केलेलं — दोन सेकंद तरी शटर उघडं होतं, बरोबर ना? दोन? बघा. आणि या दोन सेकंदांत पडदा हलला, पण म्हातारा हलला नाही. मिशीचा केस न् केस मोजून घ्या. हातावरची शीर बघा. आणि हा माणूस दोन सेकंद स्थिर बसूच शकत नाही! त्याचे हात थांबतच नाहीत, स्वेटरची बटणं उसवत बसतो दिवसभर, गुडघा हलतो, मान अशी अशी करतो — मला कसं माहीत म्हणजे? दिसतंय की — नाही, फोटोत नाही दिसत, फोटोत तर — अहो, मला माहीत आहे कारण तो माझा नवरा आहे.

बघू नका असं. आडनाव वेगळं आहे आमचं, मी माझंच ठेवलं, तेव्हा ते करत नसत लोक, सासूबाईंनी वर्षभर माझ्याशी धड बोलणं टाकलं होतं. क्लेम. त्याचं नाव क्लेम आहे. तुम्हाला कोणी परवानगी दिली? त्याच्या बहिणीनं? वाटलंच मला. डल्सी. दर रविवारी जाते ती, फिंगर बन घेऊन जाते, वरती गुलाबी आयसिंग असलेले, आणि मग फोन करून सांगते मला की आज त्यानं दोन खाल्ले. दोन खाल्ले! म्हणजे तू येत नाहीस, मी येते, असा त्याचा अर्थ. पत्नीला विचारावं असं डल्सीला वाटलं नाही, आणि तुम्हालाही नाही. नाही, तुम्हाला माहीत नव्हतं, मान्य. तुम्ही महिन्यातून एकदा त्या वृद्धाश्रमात जाता, एकेका म्हाताऱ्याचा फोटो काढता, घरच्यांना एकेक प्रत देता. चांगलं आहे. पुण्याचं काम आहे. डल्सीकडे असेल माझ्या नवऱ्याची प्रत, तिच्या फ्रिजवर, चुंबकाखाली.

मी का जात नाही? विचारलं नाहीत तुम्ही, पण तुमच्या तोंडावर आहे ते. ईस्टरला गेले होते. शेवटची. त्यानं मला विचारलं, तुम्ही नखं कापायला आलात का? सभ्यपणे विचारलं, क्लेम कधी उद्धट नव्हता. मी म्हटलं, हो. आणि कापली मी त्याची नखं. काय करणार? मग डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, की आता आत फारसं काही उरलेलं नाही, तुम्ही स्वतःला त्रास करून घेऊ नका. ठीक आहे, म्हटलं. मनाशी पक्कं केलं की क्लेम गेला, आणि खुर्चीत बसलंय ते दुसरंच कुणीतरी आहे, त्याची नखं कुणीही कापेल. त्यावर मी हे सगळे महिने ढकलले, पेंगिली. नीट झोपले, जेवले. आणि आज सकाळी इथे येते, स्पंज केक आणि लोणच्याच्या बरण्यांमधून वाट काढत, आणि भिंतीवर हा. ताठ बसलेला. आत कुणीतरी असलेला. तेव्हा तुम्ही लबाडी केली असेल तर आत्ताच सांगा, मी रागावणार नाही, उलट उपकार मानेन तुमचे. कारण हा फोटो खरा असेल तर मी कसल्या आधारावर झोपत होते?

मागे लोखंडी चिमटा लावला होतात का? जुन्या स्टुडिओंत असायचा तो — मान धरून ठेवणारा, पाठीमागून. नाही. नाहीच लावलेला, मी बघितलंय, सदऱ्याची कॉलर मागे दबलेली असती. मग गोळी दिली होती? तिथे देतात, मला माहीत आहे, दुपारी सगळे शांत राहावेत म्हणून. नर्सला सांगून गोळी दिलीत आणि बसवलात खुर्चीत पोत्यासारखा — हे केलं असेल तर मी तुम्हाला या जिल्ह्यात कॅमेरा उघडू देणार नाही. नाही, थांबा, शपथा घेऊ नका. मला कळतंय की तेही नाही. गोळी घेतलेल्या माणसाच्या पापण्या पडतात, खालचा ओठ सुटतो. या ओठाला बघा. इतका सुटलेला नाही आणि इतका आवळलेलाही नाही. मग दोन निगेटिव्ह जोडलीत? कॉम्प्युटरवर केलंत? मी कड न् कड तपासलीय, सकाळपासून दुसरं काही केलेलं नाही, बाकीच्या फोटोंना मी कसे गुण दिलेत देव जाणे. सापडत नाही. काही सापडत नाही मला.

हे घ्या भिंग. घ्या, हातात घ्या. त्याच्या डोळ्यात बघा, बुबुळात. काय दिसतं? खिडकी. मग काळा चौकोन, तो तुमचा कॅमेरा. आणि शेजारी? शेजारी काडीसारखे तुम्ही उभे आहात, हातात शटरची वायर धरून. दिसलात? आता सांगा, तो तुमच्याकडे बघतोय का? नाही. शंभरातले नव्याण्णव जण माणसाकडे बघतात. मोठ्या कॅमेऱ्याचं तेच तर आहे — फिल्मचा होल्डर आत घातला की आपल्याला मागच्या काचेत काही दिसत नाही, आपण कापडाबाहेर येऊन शेजारी उभे राहतो, आणि बसलेला माणूस आपल्या तोंडाकडे बघायला लागतो, बरोबर चाललंय ना माझं, असं. ही सगळी भिंत बघा, सगळ्यांची नजर लेन्सच्या जरा बाजूला गेलीय, म्हणून तर हे सगळे असे हरवल्यासारखे दिसतात, आणि यांना वाटतं ती कला. क्लेम लेन्समध्ये बघतोय. सरळ मधोमध. तुम्ही सांगितलं होतंत त्याला तसं? नाही सांगितलं.

आणि खांदे. खांदे बघा. 'हलू नका' म्हटलं की लोक काय करतात? विहिरीत उडी मारायची असल्यासारखा मोठा श्वास घेतात आणि कोंडतात — खांदे कानापर्यंत जातात, गळ्याच्या शिरा ताणतात. यानं अर्धा श्वास सोडलाय आणि तिथेच थांबलाय. हनुवटी केसभर पुढे घेतलीय, कारण श्वास सोडताना माणूस मागे जातो आणि डोळे फोकसमधून निसटतात. हे कुणाला माहीत असतं? कुठल्या म्हाताऱ्याला माहीत असतं? याला कुणी शिकवलं?

मीच शिकवलं. आणखी कोण शिकवणार.

रेल्वेत गार्ड होता क्लेम. पीटरबरोच्या गाडीवर. शिफ्टवरून घरी आला की मी त्याला बूट काढायच्या आत खुर्चीत बसवायची. नवी लेन्स आली, बसव क्लेमला. फिल्मची नवी पेटी आली, बसव क्लेमला. गिऱ्हाइकावर प्रयोग करता येत नाही ना, मग नवऱ्यावर. अडलेडसारखं शहर सोडून लोक फोटोला माझ्याकडे यायचे त्या काळी, लग्नातल्या नवऱ्या मुली, नगराध्यक्ष, बिशप — त्या प्रत्येकाच्या आधी त्या खुर्चीत क्लेम बसलेला असायचा, उजेड जमवायला. अर्धा श्वास सोड, लेन्समध्ये बघ, माझ्याकडे नको. कुरकुर म्हणून केली नाही कधी. नाही, त्यातला एकही भिंतीवर लावलेला नाही मी. चाचणीचे फोटो कुणी लावतं का? धुवायचे, बघायचे, टाकायचे. काय बघता? सगळे तसंच करतात.

तर मग — तुम्ही होल्डर घातलात. शटर मिटलंत. आणि होल्डरवरची झाकणाची पट्टी ओढलीत. सर्रकन् आवाज होतो तो. आणि त्याच वेळी त्याचे हात थांबले. त्या आधी हलत होते ना? बटणाशी चाळा चालला होता? आणि पट्टी ओढल्याबरोबर — बरोबर. तुम्हाला वाटलं नशीब. बोललात ना क्लबात, की नशिबानं तेवढ्यात थांबला म्हातारा? नशीब नव्हतं ते. तो कामावर आला होता.

हा फोटो खरा आहे. ठीक आहे. खरा आहे. मला जरा — नाही, पाणी नको. आहे तिथे बसा तुम्ही.

मग पुढे काय झालं? फोटो झाल्यावर, तुम्ही पट्टी परत घातलीत, त्यानंतर. त्यानं काय केलं? काहीच नाही म्हणजे काय? बसून राहिला. तसाच? हात तसेच? लेन्समध्येच बघत? तुम्ही आवरायला घेतलंत तरी? — आणि चहा आला. चहा आला तरी घेतला नाही. त्या मुलीनं कप पुढे केला तरी नाही. त्यांना वाटलं झटका वगैरे आला की काय, नर्सला बोलावलं. मग? मग झोपेची वेळ झाली तेव्हा दोघांनी धरून उठवला, असं नंतर कळलं तुम्हाला. आणि तुम्ही त्याला काही बोलला होतात का, पेंगिली? शटर मिटल्यावर? आठवा नीट. 'थँक यू.' थँक यू म्हणालात. बरोबर आहे, काही चुकलं नाही तुमचं, सभ्य माणूस तेच म्हणेल.

मी थँक यू म्हणत नसे. मी म्हणायची, 'झालं, क्लेम.' तेवढंच. आणि ते म्हणेपर्यंत तो हलायचा नाही. एकदा मी होल्डर घेतला आणि तशीच अंधाऱ्या खोलीत गेले, धुवायची घाई होती, विसरले त्याला. बाहेर आले तर स्वयंपाकघरात धूर, बटाटे तळाला लागलेले, आणि हा खुर्चीत! म्हटलं, अरे वेड्या, वास येत नाही का तुला? तर म्हणतो, येतोय की, पण तू झालं कुठे म्हणालीस. इतके हसलो आम्ही. इतके हसलो त्या दिवशी. चेष्टा करत होता का खरंच, मला आजवर कळलेलं नाही.

कधी काढलात हा? जूनमध्ये. आणि त्यानंतर गेला असाल तुम्ही तिथे, दर महिन्याला जाता. कसा आहे? बोला ना, आता कशाला चाचरता, इतका वेळ धड उत्तरं देत होतात. शांत झालाय. हात थांबले. बटणं उसवत नाही. नर्सना बरं वाटतं, हो, वाटणारच, त्रास कमी झाला. कुठे बसतो? त्याच खुर्चीत? खिडकीकडे तोंड करून नाही, खोलीकडे तोंड करून — जिथे तुमचा कॅमेरा होता तिकडे. रोज? दुपारचं जेवण झालं की रोज. आणि चहा?

चहा घेत नाही.

अरे देवा. जूनपासून. ऑक्टोबर आहे हा.

— कोण आहे? हो, मिसेस नित्शके, मीच लावलंय दार. थांबा, उघडते. हो, माहीत आहे मला किती वाजले. या, आत या, आणि माझ्याकडे असं बघू नका, केकना काही झालेलं नाही. फोटोंचा हा विभाग मी तपासणार नाही. दुसऱ्या कुणाला बोलवा. कारण बारा नंबरमध्ये माझा नवरा आहे. नवरा, हो. लिहा तसंच, मोठ्यानं सांगितलंत तरी चालेल. आणि तो भिंतीवरून काढायचा नाही. कुणी हात लावायचा नाही त्याला.

पेंगिली, ऊठ. गाडी आहे ना तुझी बाहेर? कॅमेरा गाडीतच असेल, तुम्ही लोक तो घेतल्याशिवाय दूध आणायलाही जात नाही. मग चल. तिपाई आहे? होल्डर आहे? नाही, फिल्म नको. फिल्मशिवाय चालेल. खोलीत जिथे लावला होतास तिथेच लाव, त्याच उंचीवर, लेन्स त्याच्याकडे, पट्टी मी ओढीन. शटर मी दाबीन.

आणि तू बाहेर थांब.